रामबागेतला स्कॉटलंडच्या चेटकिणींचा स्लाइड शो: दीडशे रुपये वसूल

इंदूरच्या रामबागेत एका छोट्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी असतो हा कार्यक्रम, तिकीट दीडशे, त्यात चहा आणि पोहे (शेव भरपूर, जिरावन मसाला मात्र मागून घ्यावा लागतो). घरचे म्हणाले एवढ्या लांबची भुतं बघायला पैसे कशाला घालवतेस, पण सांगणारे काका मुलाकडे एडिनबरोला राहून आलेत, गावोगावचे फोटो त्यांनी स्वतः काढलेत आणि भूत-बीत काही नाहीच मुळी, जे आहे ते सगळं माणसांनी केलेलं.

सुरुवात जरा पकाऊ. चेटूक हा गुन्हा ठरवणारा १५६३ चा कायदा, पुढच्या पावणेदोनशे वर्षांत साधारण ३८०० जणांवर आरोप, त्यात बहुतेक बायका, हे सगळं स्लाइडवरचंच वाचून दाखवतात. टोरीबर्न आलं की मात्र काका जे सुटतात! फाइफ भागातलं पाण्याकाठचं गाव, तिथली लिलियस एडी नावाची म्हातारी, १७०४ मध्ये चेटकीण म्हणून पकडली. आणखी चेटकिणींची नावं सांग म्हणून मागे लागले तर म्हणते कशी, बाकीच्यांचे चेहरे झाकलेले होते, मी कुणाला ओळखणार! कोठडीतच गेली बिचारी. मग ही परत उठून येईल या भीतीनं तिला ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात पुरली आणि वर ही भलीमोठी दगडी लादी ठेवली. ती लादी अजून आहे, काकांनी फोटो झूम करून दाखवला, चारी बाजूंनी नुसता चिखल. १८५२ मध्ये हौशी लोकांनी तिची हाडं उकरली, कवटी सेंट अँड्र्यूज युनिव्हर्सिटीत गेली, १९३८ मध्ये ग्लासगोच्या प्रदर्शनात मांडली, आणि नंतर चक्क हरवली. जुन्या फोटोंवरून डंडी युनिव्हर्सिटीनं २०१७ मध्ये कॉम्प्युटरवर चेहरा तयार केला, तो स्क्रीनवर आला तशी माझ्या शेजारच्या काकू मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई, ही तर साधी आजी आहे गं कुणाचीतरी!"

पुढे डनिंग गाव. तिथे दगडांचा उंच ढिगारा, वर क्रॉस, आणि पांढऱ्या रंगात लिहिलंय की मॅगी वॉलला १६५७ मध्ये चेटकीण म्हणून इथे जाळलं. टुरिस्ट तिथे फुलं, नाणी ठेवतात. पण या नावाच्या बाईवर खटला चालल्याची नोंदच सापडत नाही! लिलियसची मात्र चौकशीची नोंद आहे, आणि तिच्या आठवणीची पाटी लागायला २०१९ उजाडलं. काकांनी हे नुसतं सांगून सोडून दिलं, कुठे भाषण ठोकलं नाही, इथे त्यांना पैकीच्या पैकी.

तक्रार एकच पण मोठी, मागे वाजणारं ते हॉरर म्युझिक. खऱ्या बाईच्या हालअपेष्टा सांगताय आणि मागून दार करकरल्याचा आवाज, कशाला? शिवाय प्रेतचोरांचा भाग पार उरकला. उडनी ग्रीन गावाला १८३२ मध्ये बांधलेलं गोल दगडी घर आहे, आत फिरता ओटा, त्यावर शवपेट्या कुलपात ठेवायच्या, प्रेत डॉक्टरी शिकवणाऱ्यांना विकण्याच्या लायकीचं उरलं नाही की मगच पुरायचं. त्याच वर्षी कायदा बदलला, शिकवणाऱ्यांना प्रेतं रीतसर मिळायला लागली आणि चोरीचा धंदाच बसला. एवढा भन्नाट विषय आणि दोन स्लाइड!

लहान मुलांना नेऊ नका. खुर्च्या कडक आहेत, एसी फुल असतो, शाल घेऊन जा. कार्यक्रम सराफा (रात्रीचा खाऊबाजार) रंगात यायच्या वेळेला सुटतो, त्यामुळे जेवून जायची गरज नाही. पाचपैकी चार, एक स्टार त्या म्युझिकचा कापलाय.