१०९८ की जवळची संस्था?

जत तालुक्यातल्या एका अंगणवाडीताईंचा प्रश्न आहे. वस्तीवरच्या तेरा वर्षांच्या मुलीला एक ओळखीचा माणूस रिचार्ज मारून देतो, गाडीवरून फिरवतो. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करावा, की सांगलीतल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेच्या समुपदेशक बाईंना गाठावं?

वेगात १०९८ ला तोड नाही. रात्री-अपरात्रीही लागतो. संस्थेचं ऑफिस संध्याकाळी बंद होतं.

पैसे दोन्हीकडे लागत नाहीत. पण एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी घरच्यांवर पडते, म्हणून बाई वस्तीवर येतील का, हे आधी विचारा.

खरा फरक विश्वासाचा. अशी मुलगी पहिल्या भेटीत बोलत नाही. ‘तो माझी काळजी घेतो’ म्हणते, आणि तिला ते खरंच वाटत असतं. उलटतपासणी केली की ती मिटते. तीच समुपदेशक बाई दर आठवड्याला येऊन बसली, तर मुलगी हळूहळू मोकळी होते. हे काम एका फोनचं नाही.

संस्थेकडे गेलं की पोलीस टळतात, हा मात्र गैरसमज. पोक्सो कायदा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा), २०१२, कलम १९: असा गुन्हा होण्याची शंका आली तरी पोलिसांना कळवणं संस्थेलाही बंधनकारक आहे. जबाब मुलीच्या घरी किंवा तिच्या पसंतीच्या जागी, साध्या कपड्यांतल्या पोलिसांनी घ्यायचा असतो. हे ठामपणे सांगणारं माणूस संस्था देऊ शकते.

मूल आत्ता धोक्यात असेल तर १०९८ किंवा पोलिसांच्या मदतीसाठी ११२. तक्रारीनंतरच्या कोर्टाच्या तारखा, शाळा, घरच्यांची समजूत यासाठी संस्था. ताई, या मुलीसाठी आजच १०९८ लावा, आणि उद्या समुपदेशक बाईंना बोलवा.