पालकाचं हरितद्रव्य की जांभळ्या जिवाणूंचं रंगद्रव्य?

पालकातलं हरितद्रव्य निळा-तांबडा प्रकाश टिपतं. जांभळ्या गंधक-जिवाणूंचं बॅक्टेरिओक्लोरोफिल हे रंगद्रव्य मात्र मुख्यतः 800 ते 900 नॅनोमीटरच्या, आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशावर चालतं. उथळ दलदलीत वरच्या शेवाळाने आपला वाटा उचलला, की खाली हाच प्रकाश उरतो. त्या जागी जिवाणूच सरस, यात मला शंका नाही.

पण पाणी फोडायचं तर हरितद्रव्यच हवं. ते टिपतं त्या 680 नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशात अवरक्तापेक्षा ऊर्जा जास्त. त्या जोरावर, मँगनीजच्या मदतीने, पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढले जातात आणि ऑक्सिजन सुटतो. जिवाणूंना ते झेपत नाही. ते पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वायूतून इलेक्ट्रॉन घेऊन भागवतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पेशींत त्यातून उरलेल्या गंधकाचे चमकदार कण दिसतात. कॅरोटिनॉइड, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या गटातली रंगद्रव्यं, मात्र दोघांकडेही असतात. किंबहुना जिवाणूंचा जांभळा-लालसर रंग मुख्यतः या कॅरोटिनॉइडांचाच.