प्रमाणपत्र मिळालं, वेल्डिंग शिकवलंच नाही

पाइप वेल्डिंगचा कोर्स, आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आणि शंभर टक्के नोकरीची हमी, असं सांगून एका प्रशिक्षण संस्थेने आमची अख्खी बॅच फसवली. अजून कुणी यात अडकू नये म्हणून लिहितोय.

फी आधीच एकरकमी घेतली. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांना तिथेच कर्ज काढून दिलं. रक्कम थेट संस्थेच्या खात्यात गेली, हप्ते मुलांच्या नावावर राहिले. मग मध्येच सोडणार कसं? दिवसचे दिवस व्हिडिओ दाखवायचे. मशीन मोजक्याच, वेल्डिंगचे रॉड मोजून द्यायचे, तेही उघड्यावर पडून ओल धरलेले. ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड ओव्हनमध्ये कोरडा ठेवावा लागतो, नाहीतर जोडात छिद्रं पडतात, भेगाही जातात, हे मला पुढे एका जुन्या वेल्डरने सांगितलं. शिकवणाऱ्यांनी कधीच नाही.

या कामात हात बसतो तो आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी धातू वितळवणारी विजेची ज्योत, पेटलेला असतानाच. पाइप वेल्डिंगच्या सिक्स-जी नावाच्या टेस्टला पाइप ४५ अंशांत पक्का बांधलेला असतो, फिरवता येत नाही. एकाच जोडात खालून, बाजूने, वरून वेल्डिंग करावं लागतं. आम्ही सपाट पट्टीच्या पुढे गेलोच नाही, तरी प्रमाणपत्रावर सिक्स-जी छापून आलं.

कंपनीच्या टेस्टमध्ये जोडाचे तुकडे वाकवून बघतात. ३ मिलिमीटरपेक्षा मोठी चीर उघडली की नापास. आमच्यापैकी एकाचाही तुकडा टिकला नाही. तिथल्या इन्स्पेक्टरने समजावलं, की वेल्डरची पात्रता ठरावीक वेल्डिंग प्रक्रिया, जोडाची स्थिती आणि धातूच्या जाडीपुरतीच असते. ते काम ६ महिने केलं नाही तर ती सहसा बाद होते. आम्हाला तर 'आजीवन वैध' कागद विकला होता.

आणि नोकरीची हमी म्हणजे एका ठेकेदाराचा फोन नंबर, काम हेल्परचं. करारात 'मुलाखतीसाठी साहाय्य' एवढंच होतं. बॅचमध्ये खरोखर चांगला हात असलेली मुलं होती. त्यांना रोज पुरेसे रॉड मिळाले असते तर ती आज कामावर असती, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

पैसे भरण्याआधी चालू बॅच स्वतः जाऊन पाहा. एका मशीनवर किती जण, प्रत्येकाला रोज किती रॉड, वाकवून तपासलेले तुकडे कुठे आहेत, टेस्ट बाहेरचा इन्स्पेक्टर घेतो का, हे विचारा. आधीच्या बॅचमधल्या मुलांना स्वतः शोधून त्यांच्याशी बोला, संस्थेने पुढे केलेल्यांशी नाही. आणि कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी, कोर्स सोडला तर उरलेली फी किती आणि कधी परत मिळेल, हे लेखी घ्या.