युकुलेलेसाठी साधा पिकअप की आतच इफेक्ट?

युकुलेलेच्या तारा नायलॉन किंवा फ्लोरोकार्बनच्या, म्हणून इलेक्ट्रिक गिटारचा चुंबकी पिकअप (लोखंडी तारांचं कंपन टिपून त्याची वीज करणारा भाग) इथे चालतच नाही. उरतो पिएझो: सॅडलखालची (सॅडल म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती कड) पातळ पट्टी, दाब बदलला की वीज देणारी. पॅसिव्ह प्रकारात बॅटरी नाही, वजन नाही. मात्र त्याला सुमारे 1 मेगाओहम रोधाचा इनपुट लागतो. मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटला थेट जोडलात, तर खालचे सूर गळतात आणि वाद्य पत्र्याच्या डब्यासारखं वाजतं. मध्ये प्रीअँप (क्षीण सिग्नल वाढवणारं उपकरण) किंवा योग्य डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी पेटी) हवाच. सॅडलचा तळ सपाट घासलेला नसेल, तर एखादी तार दबकी ऐकू येते; दोष मात्र पिकअपला मिळतो!

दुसऱ्या प्रकारात पिकअपच्या जोडीला पाठीच्या फळीवर एक छोटा कंपक असतो. तो रिव्हर्ब (घुमारा), कोरस (अनेक वाद्यं एकत्र वाजल्याचा भास) असे इफेक्ट फळीतूनच हवेत सोडतो. अँप नाही, वायर नाही. यामाहाने हीच कल्पना गिटारमध्ये ‘ट्रान्सअकूस्टिक’ नावाने आणली. लावा यू या युकुलेलेच्या एका प्रकारातही ती आहे. घरी एकट्याने वाजवताना मजा येते खरी. पण वाद्याची पाठ पोटाला टेकली की परिणाम निम्मा विरतो, आणि चार्जिंग संपलं की उरतो फक्त साधा युकुलेले.

मंचावर वाजवणाऱ्याने पिएझो घ्यावा, इफेक्ट पायाने चालवायच्या वेगळ्या पेडलवर सोडावेत. पेडल बिघडलं तर बदलता येतं, फळीला चिकटलेलं सर्किट नाही. गच्चीत, रात्री, शेजाऱ्यांना न उठवता वाजवायचं असेल, तर मात्र मी कंपकवालाच उचलेन.