फोंड्यातील एक जेईई-नीट वर्ग: परीक्षा चोख, शिकवणी बेताची

गोव्याबाहेरच्या एका मोठ्या शिकवणी संस्थेची फोंड्यात शाखा आहे. जेईई (अभियांत्रिकी प्रवेश परीक्षा) आणि नीट (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) यांची तयारी करून घेणाऱ्या तेथील दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला माझी मुलगी अकरावीपासून जात होती. शुल्क लाखाच्या पुढे जाते आणि सत्तरी, धारबांदोड्याकडची मुले शेवटची कदंब बस चुकेल या धास्तीने घड्याळाकडे पाहत वर्गात बसलेली असतात. तेव्हा या पैशांच्या बदल्यात नेमके काय पदरात पडते, हे इतर पालकांना कळावे म्हणून लिहीत आहे. माझे मत असे, की येथील सराव परीक्षा व त्यांची तपासणी यांसाठी दिलेला पैसा वसूल होतो, शिकवण्याचा दर्जा विषयागणिक बदलतो, आणि ‘इंटिग्रेटेड’, म्हणजे विद्यालय आणि शिकवणी एकत्र, या नावाखाली उच्च माध्यमिक विद्यालयाशी केलेली सोयरीक मुलांच्या हिताची नाही.

आधी चांगले सांगतो. जेईई मेनचा सराव संगणकावरच घेतला जातो, तीन तासांत 75 प्रश्न आणि 300 गुण, म्हणजे प्रत्यक्ष परीक्षेत असतो तसाच. नीटच्या मुलांना मात्र कागदी प्रश्नपत्रिका आणि गोल रंगवायची उत्तरपत्रिका मिळते, कारण त्यांची परीक्षा तशीच होत आली आहे. गुण लावून वर्ग मोकळा होत नाही. प्रत्येक चुकलेला प्रश्न मुलाने स्वतः एका वहीत तीन रकान्यांपैकी एकात नोंदवायचा असतो: संकल्पनाच समजली नव्हती, समजली होती पण आकडेमोड चुकली, किंवा प्रश्न घाईत वाचला. ही वही शिक्षक खरोखर पाहतात. घूर्णन गतीत आपण कच्च्या आहोत अशी माझ्या मुलीची समजूत होती. वहीवरून दिसले, की त्या प्रकरणातले तिचे बहुतेक गुण सेंटिमीटरचे मीटर न केल्यामुळे गेले होते, आणि तेही पेपरच्या शेवटच्या टप्प्यात. मग प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचण्याऐवजी तिने प्रश्न सोडवण्याचा क्रम बदलला आणि फरक पडला.

अंदाजाने उत्तर द्यावे की नाही, यावर बहुतेक ठिकाणी ‘मुळीच देऊ नका’ असे सांगून विषय मिटवतात. येथील भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी तो फळ्यावर गणिताने सोडवून दाखवला. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला उणे एक असेल, तर चार पर्यायांतून डोळे मिटून निवडल्यास सरासरीने प्रश्नामागे पाव गुण हाती लागतो, जो नशिबाच्या चढउतारात सहज बुडून जातो. परंतु एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर हीच सरासरी दोन तृतीयांश गुणावर जाते. संभाव्यतेचे प्रकरण मुलांना त्या दिवशी पुस्तकापेक्षा बरे समजले असावे.

रसायनशास्त्राबाबत मात्र असे म्हणता येत नाही. शिक्षक पडद्यावरील मजकूर वाचून दाखवतात, आणि छापील संच जुने आहेत. शालेय पाठ्यपुस्तके काढणाऱ्या एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेने पुस्तके आटोपशीर केल्यानंतर 2024 पासून जेईई मेन आणि नीट या दोन्हींच्या अभ्यासक्रमांतून घन अवस्था, पृष्ठभाग रसायन, बहुवारिके असे भाग वगळले गेले. आम्हाला मिळालेल्या संचांत हे सारे जसेच्या तसे होते, आणि त्यांतील काही भाग रीतसर शिकवलाही गेला. पालकांनी विचारल्यावर ‘जास्तीचे ज्ञान वाया जात नाही’ असे उत्तर मिळाले. ज्ञानाचे ठीक आहे, पण बारावीच्या मुलाचा वेळ वाया जातो.

भाषेचा मुद्दा येथे कोणी काढत नाही. गोव्यातली अनेक मुले चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीत जातात. जेईई मेन, नीट आणि केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशाची सीयूईटी या तिन्ही परीक्षा ज्या 13 भाषांतून देता येतात त्यांत मराठी आहे, कोकणी नाही. अर्थात विज्ञानाच्या सगळ्या संज्ञा इंग्रजीतून पाठ झालेल्या मुलाला मराठी प्रश्नपत्रिकेचा फारसा उपयोग नाही, असे मला वाटते. अडचण निराळीच आहे: बाहेरून आलेले शिक्षक हिंदीत समजावतात आणि पेडणे-डिचोलीकडची लाजरी मुले त्या भाषेत शंका विचारायला कचरतात. एका स्थानिक तरुण शिक्षिकेच्या शंकानिरसनाच्या तासाला गर्दी होत असे ती यामुळेच.

आता ‘इंटिग्रेटेड’विषयी. यात विद्यालयाचे तास वर्गाच्या वेळापत्रकाप्रमाणे वाकवले जातात आणि पहिला बळी जातो तो प्रयोगशाळेचा. बोर्डाच्या गुणांवर जेईईचा क्रमांक ठरत नाही हे खरे, परंतु आयआयटी किंवा एनआयटीत प्रवेश घेताना खुल्या गटातील विद्यार्थ्याला बारावीत 75 टक्के तरी हवेत, नाहीतर आपल्या बोर्डातील वरच्या 20 टक्क्यांत तरी तो असावा लागतो. जानेवारीत जेईईचे पहिले सत्र आणि त्यालाच लागून बोर्डाची तयारी, अशा वेळी वर्षभर टाळलेली प्रात्यक्षिके अंगावर येतात.

याच वर्गाच्या समुपदेशकांनी काही पालकांना मुले राजस्थानातील कोटा शहरी शिकवणीला पाठवून तेथेच बारावी करवून घेण्याचा सल्ला दिला, तो मला अधिक आक्षेपार्ह वाटतो. एनआयटीतील स्थानिक राज्याच्या वाट्याच्या जागांसाठी विद्यार्थी कोणत्या राज्याचा, हे तो बारावी जेथून उत्तीर्ण झाला त्यावरून ठरते; घर म्हार्दोळला आहे म्हणून कुंकळ्ळीच्या एनआयटीत राजस्थानातून बारावी केलेल्या मुलाला गोव्याचा वाटा मिळत नाही. फर्मागुडीत 2016 साली सुरू झालेल्या आयआयटीत तर स्थानिक वाटा मुळातच नाही. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी राज्याची माहितीपुस्तिका आणि तिच्यातील रहिवासाच्या अटी पालकांनी स्वतः वाचाव्यात, समुपदेशकाच्या तोंडून ऐकू नयेत.

कार्यालयाचा व्यवहार सौजन्याचा आहे, पण शुल्कपरताव्याची गोष्ट निघाली की सूर बदलतो. मधूनच वर्ग सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाचे शुल्क 10 दिवसांत परत द्यावे, असे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आमच्या ओळखीच्या एका मुलाने पहिल्या वर्षानंतर वर्ग सोडला, तेव्हा त्याच्या वडिलांना आधी ‘नियमात बसत नाही’ असे सांगण्यात आले, आणि त्यांनी सूचनांची प्रत टेबलावर ठेवल्यावर अर्ज स्वीकारला गेला. प्रवेशाच्या वेळी परताव्याची अट लेखी मागून घ्यावी.

पूर्ण अभ्यासक्रमाची शिफारस मी करणार नाही. ज्यांच्या विद्यालयात भौतिकशास्त्र आणि गणित बरे शिकवले जाते, त्यांनी येथे केवळ सराव परीक्षांची मालिका घ्यावी. तिचे शुल्क कितीतरी कमी आहे आणि वहीची तपासणी तिच्यातही मिळते. माहितीपत्रकात तिचा उल्लेख नाही, काउंटरवर विचारावे लागते, आणि विचारल्यावरही आधी पूर्ण अभ्यासक्रमाचाच अर्ज पुढे सरकवला जातो.