मंदीतला युरोप: मुक्काम जर्मनीत करावा की स्पेनमध्ये?

फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनजवळच्या एका हॉटेलात आम्ही शनिवारी उतरलो होतो. रविवारी सकाळी नाश्त्याच्या हॉलमध्ये आमच्याशिवाय दोनच टेबलं भरलेली. मंगळवारी त्याच हॉलमध्ये बसायला जागा नव्हती आणि बहुतेकांच्या गळ्यात कुठल्याशा प्रदर्शनाचे बिल्ले होते. एक रात्र मुक्काम वाढवावा म्हणून काउंटरवर चौकशी केली, तर त्याच खोलीचा दर शनिवारच्या दुपटीवर गेलेला. युरोपात मंदी आहे म्हणजे हॉटेलं स्वस्त मिळतील, असं आता कुणी म्हणालं की मला तो हॉल आठवतो. देशाच्या अर्थव्यवस्थेपेक्षा त्या हॉटेलात झोपतं कोण, यावर दर ठरतो.

जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं आक्रसली. स्पेनची २०२४ मध्ये तीन टक्क्यांहून जास्त वाढली. चलन दोघांचं एकच, व्याजदर ठरवणारी बँकही एकच. तरीही हॉटेलांचं चित्र इतकं वेगळं का, हे समजून घेतलं तर निवड सोपी होते.

जर्मन शहरांतली हॉटेलं मोठ्या प्रमाणावर कंपन्यांच्या पैशावर चालतात. मोटारी, यंत्रं, रसायनं बनवणाऱ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला की पहिली कात्री प्रवासखर्चाला लागते, आणि एका दिवसाच्या बैठकांची जागा तर व्हिडिओ कॉलने घेतलेलीच आहे. त्यामुळे फ्रँकफर्ट, डसेलडॉर्फ, स्टुटगार्टसारख्या शहरांत शुक्रवार ते रविवार खोल्या बऱ्या दरात मिळतात. मात्र प्रदर्शनाचा आठवडा आला की मंदीबिंदी सगळी बाजूला राहते. ऑक्टोबरमधला फ्रँकफर्टचा पुस्तक मेळा, नोव्हेंबरमधलं डसेलडॉर्फचं वैद्यकीय उपकरणांचं प्रदर्शन, म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट (जो खरं तर सप्टेंबरमध्येच सुरू होतो): या दिवसांत तिथे मुक्काम करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि दर पडले तरी एका मर्यादेपलीकडे पडत नाहीत. खोली झाडणाऱ्या माणसाचं किमान वेतन २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तासाला १२ युरो होतं, २०२६ च्या जानेवारीपासून ते १३.९० युरो आहे. ते योग्यच आहे, पण हॉटेलवाला ते खोलीच्या दरातूनच काढणार.

स्पेनमध्ये पाहुणा बाहेरचा आहे. सुमारे ४.९ कोटी लोकसंख्येच्या या देशात २०२४ मध्ये जवळपास ९.४ कोटी परदेशी पर्यटक आले. सर्वांत जास्त ब्रिटनमधून, मग फ्रान्स आणि जर्मनीतून. यातलं जर्मनी हे नाव महत्त्वाचं. घरी मंदी असताना जर्मन कुटुंब नवी गाडी पुढे ढकलतं, स्वयंपाकघराचं काम लांबवतं, पण स्पेनच्या मायोर्का बेटावरची उन्हाळी सुट्टी सहजासहजी सोडत नाही. काटकसर होते ती दिवसांत: दहाऐवजी सात रात्री, ऑगस्टऐवजी जून. २०२४ च्या जूनमध्ये एफटीआय ही जर्मनीतली मोठी सहल कंपनी दिवाळखोरीत गेली, तरीही त्या वर्षी स्पेनमधल्या पर्यटकांची संख्या वाढलीच.

शिवाय स्पेनमध्ये जागाच कमी होत चालली आहे. बार्सिलोना नगरपालिकेने पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या सुमारे दहा हजार फ्लॅटचे परवाने २०२८ च्या नोव्हेंबरनंतर चालू न ठेवण्याचं ठरवलं आहे. घरभाडं परवडेनासं झालेल्या तिथल्या रहिवाशांच्या बाजूने मला हा निर्णय पटतो. आपल्यासाठी त्याचा अर्थ मात्र सरळ आहे: सहा जणांचं कुटुंब, सोबत आजी, संध्याकाळी मुगाची खिचडी लावायला शेगडी हवी, अशी सहल बार्सिलोनात महागच पडणार. जर्मनीत, विशेषतः लहान गावांत, स्वयंपाकघरासह सुट्टीचं घर अजून सहज मिळतं.

रुपयाचा हिशेबही मांडायला हवा. २०२२ च्या पावसाळ्यात युरो ८० रुपयांच्या आसपास होता. २०२५ मध्ये त्याने शंभरी ओलांडली. म्हणजे हॉटेलने युरोतला दर जराही वाढवला नाही, तरी आपल्याला खोली पंचवीस टक्क्यांनी महाग. जर्मनीतल्या मंदीची सगळी सूट इथेच खर्ची पडते.

मुलांची शाळा बघूनच निघायचं असेल, म्हणजे मे महिना, तर मी जर्मनी म्हणेन. मे महिन्यात तिथे जोडून सुट्ट्या येतात, कंपन्यांची माणसं घरी असतात आणि मोठ्या शहरांतली हॉटेलं रिकामी पडतात. त्याच दिवसांत ब्लॅक फॉरेस्टचे डोंगर आणि बव्हेरियातली तळी मात्र जर्मन कुटुंबांनी भरलेली असतात, म्हणून सुट्टीत मुक्काम शहरात ठेवावा आणि डोंगर आडवारी बघावेत. फिरायला महिन्याचा ६३ युरोंचा सरकारी पास आहे. वेगवान गाड्यांना चालत नाही, पण लोकल, ट्राम, बस आणि प्रादेशिक रेल्वे सगळं त्यात येतं. वर्गणीसारखी त्याची मुदत दरमहा आपोआप पुढे वाढते, त्यामुळे महिन्याच्या दहा तारखेआधी रद्द करायला विसरू नका.

दिवाळीत दोघंच निघणार असाल तर स्पेन, तेही दक्षिणेकडचं: सेव्हिया, ग्रानादा, मालागा. ऊन सोसवतं आणि गर्दी ओसरलेली असते. मायोर्काला मात्र नोव्हेंबरात जाऊ नका, किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं थेट ईस्टरपर्यंत बंद असतात.

दोन्ही देश एकाच सहलीत बसवत असाल तर जिथे रात्री जास्त, त्या देशाकडे व्हिसाचा अर्ज करावा लागतो. शुल्क ९० युरो. फाइलला हॉटेलचं बुकिंग जोडावंच लागतं, तेव्हा रद्द करता येणारंच घ्या. जर्मनीतलं बुकिंग निघायच्या तीन आठवडे आधी पुन्हा उघडून बघा. शहरात प्रदर्शन नसेल तर दर उतरलेला सापडण्याची शक्यता चांगली असते. स्पेनमध्ये मी ही वाट बघणार नाही. तिथली खोली पहिल्याच दिवशी पक्की करेन.