हेलन ॲलिंगहॅम यांचे नऊ रंग : आठ महिने वापरल्यावर

मे महिन्यात माझा चोवीस जलरंगांचा डबा रिकामा केला आणि त्यात नऊच पॅन (सुक्या रंगाच्या वड्या) भरले. कोबाल्ट ब्लू, रोज मॅडर, लाइट रेड, रॉ सिएना (पिवळट तपकिरी), यलो ऑकर, ऑरिओलिन (पिवळा), पर्मनंट यलो, कॅडमियम आणि सेपिया (गडद तपकिरी). ही निवड माझी नाही. इंग्लिश जलरंगचित्रकार हेलन ॲलिंगहॅम (१८४८–१९२६) यांच्यावर १९०३ मध्ये निघालेल्या पुस्तकात त्यांचे रंग दिलेत, तिथून उचलली. हिरवा नाही, काळा नाही, पांढऱ्यालाही जवळपास बंदीच. आणि ही बाई आयुष्यभर रंगवत काय होती, तर हिरवीगार कुंपणं, धुराडी आणि पांढरे एप्रन घातलेल्या बायका!

मी इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, गिल्डफर्डला राहते. विटलीजवळचं सँडहिल्स हे खेडं इथून ट्रेनने फार लांब नाही. हेलनबाई १८८१ मध्ये नवऱ्याबरोबर, म्हणजे आयरिश कवी विल्यम ॲलिंगहॅम यांच्याबरोबर, तिथे राहायला आल्या. म्हणून म्हटलं, प्रयोग करायचाच तर त्याच गावात बसून करू.

पहिला महिना निव्वळ चिडचिडीत गेला. ट्यूबमधल्या तयार हिरव्याची इतकी सवय झालेली, की झाड दिसलं की हात तिकडेच जायचा. कोबाल्ट आणि ऑरिओलिन मिसळलं की कोवळं गवत मिळतं. त्यात रॉ सिएना टाकला की तेच गवत ऑगस्टमधलं होतं. जरासा लाइट रेड घातला की कुंपणाची सावलीतली बाजू. जूनअखेर माझ्याकडे पंधरा-सोळा हिरवे झाले आणि मुख्य म्हणजे ते एकमेकांशी भांडत नव्हते. पण हॉली या काटेरी पानांच्या झाडाची काळपट हिरवी पानं काही शेवटपर्यंत जमली नाहीत. कोबाल्टमध्ये तेवढा दमच नाही. सेपिया ओतला की चिखल होतो. त्यांच्या चित्रांतला तो मऊ, भर दुपारीही न टोचणारा उजेड थोडासा या मर्यादेतूनच आला असणार, असं मला आता वाटतं.

सगळ्यात आवडला तो लाइट रेड. सरेमध्ये जुन्या घरांच्या वरच्या मजल्याच्या भिंतींवर कौलं टांगलेली असतात, छपरावर घालतात तशीच. त्या कौलांना हा रंग चपखल बसतो. तोच कोबाल्टमध्ये मिसळला की धुराड्यातला धूर तयार.

पांढऱ्याने मात्र घाम काढला. हेलनबाईंच्या शेजारी राहणारे चित्रकार बर्केट फॉस्टर अपारदर्शक पांढरा सर्रास वापरायचे. हेलनबाई त्याऐवजी कागदच कोरा राखायच्या, नाहीतर सुकलेला रंग पुसून किंवा खरवडून काढायच्या. मी आधी स्वस्त कागदावर ब्लेड चालवलं. दुसऱ्या ओरखड्यालाच कापसासारखा भुगा वर आला आणि डेझीच्या जागी भोक पडलं. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कॉटन पेपर घेतल्यावर जमलं. कागद खडखडीत सुकलेला हवा आणि ब्लेड आडवं धरायचं, एवढं लक्षात ठेवा.

रंगांच्या नादात बाईंचं आयुष्यही वाचून काढलं. वडील डॉक्टर. १८६२ मध्ये घटसर्पाने ते गेले, धाकटी बहीणही गेली. पुढे रॉयल ॲकॅडमीच्या शाळेत शिक्षण, मग पोटासाठी 'द ग्राफिक' या साप्ताहिकामध्ये चित्रं काढणं. १८८९ मध्ये नवरा वारला तेव्हा पदरात तीन मुलं. घर ब्रशवरच चाललं. दुसऱ्याच वर्षी रॉयल वॉटरकलर सोसायटीने त्यांना पूर्ण सभासद केलं, आणि हा मान मिळालेली ती पहिली बाई. 'गोड गोड झोपड्या काढणारी' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना हे माहीत नसतं. त्या झोपड्या तेव्हाच पाडल्या जात होत्या किंवा 'सुधारल्या' जात होत्या. १८८६ मध्ये लंडनला सरेतल्या घरांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तोवर त्यातली काही घरं उरलीही नव्हती. अर्थात, बदललेल्या खिडक्यांच्या जागी त्या चित्रात जुन्याच जाळीदार खिडक्या घालत. हा खोटेपणा म्हणा हवं तर. मला चालतो.

आता तक्रार. मे महिन्यातच नऊ रंगांच्या पट्ट्या काढून, निम्म्या भागावर काळा पुठ्ठा लावून, कागद दक्षिणेच्या खिडकीत चिकटवला होता. जानेवारीत पुठ्ठा काढला. सात रंग जसेच्या तसे. रोज मॅडरचा उघडा भाग धुतलेल्या गुलाबी ओढणीसारखा फिका पडलेला. आपल्या मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीच्या मुळांपासून हा रंग करतात. त्याचं ऊन्हाशी जमत नाही हे ऐकून होते, पण आठ महिन्यांत एवढं? ऑरिओलिन मळकट, तपकिरी झालेला. हे दोन्ही रंग स्वस्तही नाहीत. भेट द्यायचं किंवा विकायचं चित्र असेल तर ते वापरू नका, हे स्पष्टच सांगते. जुलैत मैत्रिणीला दिलेलं चित्र तिने हॉलच्या खिडकीसमोर टांगलंय. ते तिथून हलव, असं तिला कसं सांगावं ते अजून सुचलेलं नाही.

मॅडरच्या जागी मी क्विनॅक्रिडोन रोज हा कृत्रिम गुलाबी घेतला. दूरच्या टेकड्यांचा जांभळट धूसरपणा मॅडर आणि कोबाल्टमधून जसा अलगद यायचा तसा येत नाही, हा जरा भडक आहे. पाणी जास्त घालून निभावते. ऑरिओलिनचं काम पर्मनंट यलोवर भागतंय. म्हणजे डब्यात आता आठ पॅन, आणि नवव्या खाचेत ब्लेडचा तुकडा बरोबर मावतो.